गुरुजींची सतरा कोरी पानं

नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात आभा सकाळी आपल्या तपासणी विभागात शिरली, तेव्हा तिच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता. तोही चांगला ऐसपैस, तिचा स्वेटर मांडीवर घेऊन. मशिनची मापं स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम बसवायला आज कुणीतरी येणार, हे तिला माहीत होतं. पण येणारा खुर्चीसकट सगळ्याचा ताबा घेईल, याची कल्पना नव्हती.

"तो स्वेटर माझा आहे," ती म्हणाली.

"खाली पडला होता. फरशी गार आहे." त्याने स्क्रीनवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. ती नजर परत स्क्रीनवर जायला जरा वेळच लागला.

आभाने वाकून पाहिलं. स्क्रीनवर एक राखाडी खिडकी होती, पार रिकामी.

"तुमच्या खिडकीत तर काहीच नाही."

"सगळं आहे, आत ठेवलंय. चौकटीला सांगायचं राहिलं, म्हणून दिसत नाही."

"का? चौकट रुसलीये?"

"साधी असते हो ती. वरची पट्टी, कडेच्या रेघा, बंद करायची फुली, एवढाच तिचा कारभार. खरं सामान आतल्या जागेत. पण आत काही नवं ठेवलं की तिला सांगावं लागतं, बाई, पुन्हा एकदा मांड. नाहीतर ती जुनंच दाखवत बसते."

त्याने एक ओळ लिहिली, बटण दाबलं आणि राखाडी खिडकीत तक्ते, आकडे, हिरवे-लाल दिवे झटकन हजर झाले. आभाला हसू आलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिला विचारू नका, तिलाही सांगता आलं नसतं.

त्याचं नाव मयुरेश दरेकर. मूळचा विंचूरचा, घरी द्राक्षांची बाग. तो दहा-बारा दिवस येत राहिला. प्रोग्राम तिसऱ्याच दिवशी बसला होता, पण रोज काहीतरी बघायचं राहत होतं. कँटीनच्या बाकावर त्याच्याशेजारची जागा रिकामी असायची, आणि आभालाही नेमकी तीच सापडायची.

"आता सगळं मोबाईलवर आलं. तुम्ही अजून खिडक्या-चौकटीच करत बसलात?" तिने एकदा चिडवलं.

"कारखान्यात नेट जातं. माझी खिडकी जात नाही. घरातलं घरात राहतं."

ते वाक्य आभाच्या मनात बसलं, कारण तिच्या घरी नेमकी तीच अडचण होती.

तिचे वडील यज्ञेश्वर गुरुजी पंचवटीतले तीर्थपुरोहित. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येणाऱ्या यजमानांची नामावळ त्यांच्या घराण्याकडे होती: गाव, आडनाव, कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, कुणाची सून. फ्लॅटमधल्या तीन लोखंडी कपाटांत त्या वह्या होत्या. जुन्या सगळ्या मोडी लिपीत. घरात मोडी वाचणारे एकटे गुरुजी, आणि त्यांना काचबिंदू झालेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आहे ती नजर टिकेल तेवढी टिकेल, गेलेली परत यायची नाही. भिंगाखाली, सकाळच्या उन्हात, त्यांना अजून तासभर वाचता येत होतं. तेवढ्यात जे देवनागरीत उतरेल ते उरणार होतं. लोकांची नावं इंटरनेटवर चढवायला मात्र गुरुजींचा साफ नकार होता. म्हणायचे, "यजमानाने माझ्या वहीत लिहिलं, जगाच्या नाही."

"मी करून देतो," मयुरेश लगेच म्हणाला. "मोठी अक्षरं, एकच खिडकी. आत एक कोरं पान, बाकी काही नको."

एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. गुरुजींनी त्याला बसवलं आणि सवयीने पहिला प्रश्न केला.

"गाव?"

"विंचूर."

"आडनाव? वडिलांचं नाव, आजोबांचं?"

त्याने सांगितलं. गुरुजींनी मान हलवली आणि तेव्हापासून ते त्याला विंचूरच म्हणू लागले.

मयुरेशने त्यांना सगळं दाखवलं. इथे लिहायचं, झालं की खालचं 'जतन करा' दाबायचं, वरच्या फुलीने बंद करायचं. "हा नमुना आहे, गुरुजी. हात बसू द्या, मग पक्का करून देतो." गुरुजींनी पुन्हा मान हलवली. गुरुजींची मान हलली म्हणजे त्यांना पटलं असं घरातली माणसं धरत नसत, पण मयुरेशला हे कोण सांगणार?

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी कामाचे, मग कामाच्या नावाखालचे. 'अहो' कधी गळालं कळलं नाही.

"गुरुजी लिहितात का रोज?"

"रोज. एका बोटाने. तुला एवढंच विचारायचं होतं?"

"नाय... म्हणजे हो."

"मग ठेवू?"

"ठेव की. मी कुठं धरलाय?"

पण दोघंही ठेवत नसत. एवढं असून नेमकं बोलायचं ते कुणीच बोललं नव्हतं. ती पुरोहिताची मुलगी, तो यजमानाच्या, शेतकऱ्याच्या घरातला. आभाने मनाशी ठरवलं होतं, बाबांची नामावळ उतरून होऊ दे, त्यांचा जीव शांत होऊ दे, मग सांगू. तोवर ओठांवर आलेलं ती गिळत होती, आणि पलीकडेही तेच चाललं असावं, कारण मधूनच फोनवर दोघं नुसती गप्प व्हायची...

असे सतरा दिवस गेले. सुट्टीच्या सकाळी आभा बाबांनी काय काय उतरवलं ते बघायला बसली. लॅपटॉप गोगलगाईच्या चालीने चालत होता. तिने प्रोग्राम उघडला, यादी काढली. यादीत काहीच नव्हतं. एक नाव नाही, एक गाव नाही.

तिने यादी पुन्हा काढून पाहिली, तशीच रिकामी. "बाबा, लिहिलेलं कुठे ठेवलंत?"

"ठेवायचं काय त्यात? लिहिलं," गुरुजी म्हणाले. "रोज उघडलं की नवं कोरं पान येतं. छान केलंय विंचूरने."

"पण 'जतन करा' दाबलंत ना?"

"अगं, शाईने लिहिलं की ते राहतंच. वही कधी विचारते का, राहू दे का म्हणून?"

शेजारचा चुलतभाऊ आल्हाद डोकावला. "हँग झालाय गं. बंद करून चालू कर, सगळं जागेवर येतं." त्याने बटणाकडे हातही नेला. आभाने तो मनगटाला धरून बाजूला केला आणि मयुरेशला फोन लावला.

तिचं सगळं ऐकून घेऊन मयुरेशने विचारलं.

"गुरुजी खिडकी बंद कशी करतात?"

"वरच्या फुलीने."

"आणि लॅपटॉप?"

"झाकण मिटतात. पोथी मिटतात तसं. कपाटात ठेवतात."

"एकदाही पूर्ण बंद केला नाही?"

"नाही. चार्जिंगला मी लावते रोज."

"आभा, ऐक. त्याला हात लावू नको. बंद नको, चालू नको. चार्जर लाव आणि वायरपाशी बस. मी बागेतनं निघतोच आहे."

विंचूरहून पंचवटी सव्वा तास. तो तासाच्या आत आला. बुटांना बागेची माती तशीच, केस उडालेले. लॅपटॉपकडे न जाता तो आधी गुरुजींसमोर उभा राहिला.

"गुरुजी, चूक माझी आहे. फुली दाबल्यावर काय करायचं, ते मी प्रोग्रामला सांगायला हवं होतं. ठेवू का, असं त्याने विचारायला हवं होतं. ते मी मागाहून करू म्हणून ठेवलं आणि विसरलो."

गुरुजींनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. "माझे डोळे या सतरा दिवसांत आणखी उतरलेत, विंचूर. ते पुन्हा वाचणं माझ्याच्याने होणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच आलोय."

मग तो फरशीवर मांडी घालून बसला, आणि बोटं चालवता चालवता आभाला हळू आवाजात सांगू लागला. "काही सांगितलं नाही, तर फुलीने खिडकी नुसती नजरेआड होते. मरत नाही. आतलं सगळं तसंच जिवंत असतं. गुरुजींनी रोज नवी उघडली, रोज नजरेआड केली. एवढ्या खिडक्या आत धरून बसलाय, म्हणून हा रांगतोय. नेट जोडलेलं नव्हतं, म्हणून अपडेट घ्यायला स्वतःहूनही बंद झाला नाही."

"आणि आल्हादने बटण दाबलं असतं तर?"

"तर मी या घरात परत आलो नसतो."

आई, लतिकाबाई, चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. एकेका खिडकीच्या पोटात शिरून त्यातलं काढून आणायचं होतं, आणि घाई केली तर आहे तेही जाणार होतं. दुपार झाली तेव्हा सोळा दिवसांचं लिखाण बाहेर आलं होतं. पहिल्या दिवसाची खिडकी मात्र मधेच कधीतरी बंद पडली होती, त्यातलं गेलं होतं.

त्याने ते खाली मान घालून सांगितलं.

"पहिल्या दिवशी चांदोरीचं पान होतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ते मला पाठ आहे. लिहून घ्या."

मयुरेश लिहू लागला. तीन पिढ्या लिहून झाल्यावर त्याने 'जतन करा' दाबलं, दोनदा दाबलं, आणि पाणी प्यायला म्हणून उठला. आभा स्वयंपाकघरात होती. तो दारातच थांबला.

"आभा, मी... हे जमलं नसतं ना, तर तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती माझी."

"मग मी विंचूरला आले असते."

"कशाला?"

"तुझं तोंड बघायला. रोज फोनवर नुसता आवाज ऐकून कंटाळा आलाय मला."

त्याने हातातला पेला ओट्यावर ठेवला. "मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. स्वेटरपासून."

"मला खिडकी भरली तेव्हापासून," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पण बाबांना कसं सांगायचं, तेच मला कळत नाही रे."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "आभा, शेवटचं पान वाच बघू. बरोबर उतरलंय का?"

ती जाऊन स्क्रीनसमोर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. "मौजे विंचूर. आडनाव दरेकर. धोंडीराम, पत्नी चंद्रभागा, नाशिक क्षेत्री आले..." ती थांबली. मयुरेश मागे येऊन उभा होता. धोंडीराम त्याच्या पणजोबांचे वडील. पुढच्या पिढ्या एकाखाली एक होत्या, आणि सगळ्यांत खाली, एका बोटाने टिपलेली, शेवटची ओळ होती: मयुरेश. पत्नी.

पुढे काहीच नव्हतं.

"बाबा... हे कधी लिहिलंत?"

"काल. तू रोज फोनवर गप्प बसतेस, ते ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत माझे. पोरगा कुणाचा, ते बघायला नको?"

"आणि बघितल्यावर?"

गुरुजी सावरून बसले. "यजमानाच्या घरात मुलगी द्यायची, हे आमच्यात कधी झालं नाही. काल रात्रभर तेच मनात होतं. आज हा आला तो आधी चूक कबूल करायला आला, लपवायला नाही." त्यांनी उशाजवळची जाडजूड वही चाचपून पुढे केली. "खरी नोंद इथे होते, विंचूर. ज्याची त्याने स्वतःच्या हाताने करायची असते."

मयुरेशने पेन घेतलं. वडिलांच्या नावाखाली त्याने आपलं नाव लिहिलं. अक्षर मोठं काढलं, गुरुजींना वाचता येईल असं.

"पत्नीच्या पुढं काय लिहू, गुरुजी?"

"तूर्त जागा सोडा." गुरुजींनी भिंग पुसून पानावर धरलं आणि अगदी जवळ जाऊन ते नाव वाचलं. "पण फार दिवस सोडू नका. तिचं नाव तिथे लिहिलेलं मला वाचायचं आहे."

वहीवर सावली पडत होती, म्हणून आभाने खोलीची खिडकी पुरती उघडली, आणि गुरुजी त्या उजेडात ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.