अकरा नंबरचा काटा

दुपारचे बारा वाजले होते, पण अंधारून असं आलेलं की दिवा लावावासा वाटावा. ढगांचा आठवा दिवस. वायरमननं रोजच्यासारखं फडक्यानं सोलर पॅनल पुसले आणि तो बॅटरीच्या खोलीत घरोघरच्या मीटरचे काटे बघायला गेला.

ही वसाहत बाहेरची वीज घेत नसे. जेवढं ऊन पडेल तेवढीच बावीस घरांची वीज. ढग आले की ज्याला आपल्या वाटणीची सोडायची, त्यानं स्वतः येऊन घराची लाकडी पाटी ‘दिली’ लिहिलेल्या खिळ्याला टांगायची. मग वायरमन त्या घराचा खटका पाडायचा. खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं : जनरेटरशिवाय बाराशे चाळीस दिवस. जनरेटर होता, मागच्या खोपटात, साखळीनं बांधलेला. पाहुणे यायचे, आकड्याचा फोटो काढायचे, वसाहतीच्या अध्यक्षांची छाती फुगायची.

गेल्या महिन्यात अशाच ढगांत अकरा नंबरचे मास्तर गेले. ऑक्सिजनच्या मशीनवर होते. पाटी खिळ्यावर दिसली म्हणून वायरमननं खटका पाडला. मागाहून मास्तरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, “आम्ही टांगलीच नव्हती रे.” टांगली होती अध्यक्षांनी, आकडा मोडू नये म्हणून. शोकसभेत मात्र म्हणाले, मास्तरांनी स्वखुशीनं दिली. वायरमन तिथं मान खाली घालून बसला. 

काकू लेकीकडे गेल्या, घराला कुलूप. तरी आज अकराचा काटा हलत होता. चढायचा... थांबायचा... उतरायचा. वायरमननं फ्यूज काढून खिशात टाकला. काटा पुन्हा चढला... थांबला... उतरला. खोलीत दवाखान्यासारखा वास यायला लागला.

“मास्तर?” तो हळूच म्हणाला.

“कुणाशी बोलतोयस?” दारात अध्यक्ष उभे होते.

“साहेब, हा काटा बघा...”

“बिघडला असेल. चारचा खटका पाड आधी. संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरायची नाही.”

“चारला सुताराची आई आहे. आजींचंही मशीनच आहे, साहेब.”

“तासाभरानं काय होतंय? सिलिंडर असेल की घरात.”

“काल संपला. सुतार आणायलाच गेलाय. पाटी कुठंय त्यांची?”

“त्यांच्या वतीनं मी टांगतो.”

“मास्तरांच्या वतीनं टांगलीत तशी?”

“जास्त बोलू नकोस!” म्हणत अध्यक्षांनी स्वतःच खटका पाडला.

वायरमन उभ्या जन्मात कुणावर ओरडला नव्हता. आजही ओरडला नाही. हातोडा उचलला आणि खोपटाकडे पळाला. चार घावांत साखळी तुटली. चारची तार जनरेटरला जोडली, हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला जनरेटर धडधडला. समोर चारच्या खिडकीत दिवा लागला आणि सुताराची बायको ओरडली, “चालू झालं हो! सासूबाईंचा रंग परत आला!”

अध्यक्ष धापा टाकत आले. “बंद... बंद कर ते...”

“नाही करत. उद्या शून्य रंगवा दारावर.”

“तसं नाही रे...” त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “डिझेल नाहीये त्यात. कुणाला मोह नको म्हणून पहिल्याच वर्षी मी उपसून टाकलंय. थेंबसुद्धा नाहीये...”

वायरमननं टाकीचं झाकण उघडलं. आत कोरडा गंज आणि कोळ्याचं जाळं. धुराच्या नळीपुढं हात धरला. धूर नव्हता. कोमट, ओलसर वारा तळव्याला लागला... थांबला... पुन्हा लागला.

त्यानं अध्यक्षांचं मनगट धरलं आणि बंद करायच्या बटणावर त्यांचं बोट नेऊन ठेवलं.

“करा बंद. या वेळी स्वतःच्या हातानं करा.”

अध्यक्षांनी हात हिसडून घेतला.

पुढं ऊन पडलं, बॅटऱ्या भरल्या. आजी अंगणात बसून सुनेच्या चुका काढायला लागल्या. खोपटातली धडधड मात्र थांबलेली नाही, आणि त्या बटणाला कुणी हात लावत नाही. अध्यक्ष घराबाहेर पडत नाहीत. जनरेटर क्षणभर अडखळला की त्यांचाही श्वास अडकतो म्हणे.

हल्ली तो वरचेवर अडखळतो.