लई चमकणारे डोळे

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. टँकरच्या रांगेत महानंदाच्या पुढे एक तरुण उभा होता. सगळ्यांच्या हातात घागरी, आणि याच्या कडेवर... मांजर! पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची, लाडावलेल्या लेकीसारखी.

महानंदा मूळची मुखेडची, जनावरांची डॉक्टर. दवाखाना त्याच गल्लीत. तिला हसू फुटलं. तेवढ्यात मांजरीनं तोंड वळवलं आणि ते हसू ओठांवरच राहिलं. ऊन नुसतं रणरणत होतं. अशा उजेडात मांजराच्या बाहुलीची बारीक रेघ व्हायला हवी. हिच्या बाहुल्या मात्र गोल, टपोऱ्या, आणि आत हिरवं-सोनेरी काहीतरी झळकत होतं.

"असं टक लावून काय बघून राहिल्या?" तरुण म्हणाला. "नजर लागंल."

"कोणाला — मांजरीला की तुम्हाला?"

स्वारी कानापर्यंत लाल झाली. नाव विरूपाक्ष. घरचं कापडदुकान, जोडीला पर्शियन मांजरांची पैदास. "आमच्या मांजरांचे डोळे बघून लोक नांदेडहून येतात," तो ऐटीत म्हणाला.

"पाणी भरून झालं की दवाखान्यात आणा हिला."

दवाखान्यात तिनं खिडकी लावून अंधार केला. डोळ्यात बघायचं भिंग आधी स्वतः लावलं, मग त्याच्या हाती दिलं. दोघांची कपाळं जवळजवळ टेकली...

"बापरे!" विरूपाक्ष ओरडलाच. "आत दिवाळी हाय की!"

"मी रोज बघते, तरी दरवेळी असंच होतं मला," ती हळूच म्हणाली. "पण एवढं लख्ख दिसायला नको. मांजराच्या डोळ्यात मागे आरसा असतो, त्याच्यावर नजरेचा पडदा. पडदा झिजला की आरसा जास्त चमकतो. हिला आता दिसतच नाही म्हणा ना."

"पण ही तर पळती, कपाटावर उडी मारती!"

"घर पाठ आहे तिला. मिशांनी, कानांनी सगळं ओळखते."

त्यानं मांजरीच्या डोळ्यांपुढं बोट हलवून पाहिलं; तिची पापणीही हलली नाही.

"जोड्या कशा लावता?" महानंदानं विचारलं.

"घरातल्या घरात. ज्याचे डोळे लई चमकतात, तेच ठेवून घेतो." बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे... आजारच निवडून राहिलो मी?"

गोड बोलून वेळ मारून नेणं तिला जमलं नाही. "हो. आई आणि बाप, दोघांकडून आला की पिल्लू आंधळं होतं. एकाच घरात तो दोघांकडे असायचाच."

"हिची पिल्लं उद्या द्यायची हाईत. उदगीर येगळा जिल्हा झाला की त्या पैशातनं तिथं दुकान टाकणार होतो..."

"खरं सांगून द्या. नाहीतर देऊ नका."

तो मांजर उचलून निघून गेला. महानंदाला तो आवडून गेला होता, हेच अवघड झालं. गुपचूप पिल्लं विकली, तर त्याचं तोंड पाहायची नाही, असं तिनं ठरवलं. आणि रोज रांगेत त्यालाच शोधत राहिली. एका मांजरवाल्यापायी जीव असा खालीवर! तिचा तिलाच राग येई.

एका दुपारी तो धुळीनं माखून आला. टोपलीत पिल्लं.

"विकली न्हाईत. ज्यांनी आधी पिल्लं नेली, त्यांच्याबी घरी जाऊन खरं सांगितलं. जळकोटला लई शिव्या खाल्ल्या. अर्धापूरच्या कस्तुराबाई म्हणाल्या, 'आंधळं हाय तर हाय! पायाच्या आवाजानं वळखतंय मला. देणार न्हाई, जा!'" त्यानं टोपली पुढे सरकवली. "सगळ्यांची नसबंदी करा, डॉक्टर. माझ्या घरातनं हा आजार पुढं जायला नको."

महानंदा थक्क झाली. इतका सरळ माणूस तिनं पाहिला नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं.

"आणखी एक," तो चाचरत म्हणाला. "मामाच्या पोरीशी घरचे माझं लगीन ठरवून राहिले होते. न्हाई म्हणून आलो."

"मांजरांमुळं?"

"आईला तसंच सांगितलं."

"आणि खरं कारण?"

"खरं कारण... मुखेडला जाऊन आलो. तुमच्या बाबांना भेटलो, संगप्पांना."

"माझ्या घरी?"

"हाव. वर-खाली, आईकडनं, बापाकडनं — सगळं विचारून झालं. आपलं नातं कुठंच लागंना."

"मग?"

"मग काय... म्हणूनच तर विचारून राहिलो."

महानंदा हसली. डॉक्टरीणबाईंची दवाखान्यातली भाषा कुठच्या कुठं पळाली.

"नातं न्हाई ना?" ती म्हणाली. "मग आपणच जोडू की!"