पूर्ण पत्ता

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा तो रखमाबाई नावाच्या एका आजींच्या ओट्यावर स्टूल टाकून, दातांत पेन्सिल धरून, सज्जाला आधार देणारा कोरीव टोडा मोजत होता. रविवारची सकाळ, बडोद्याच्या वाडी भागातली अरुंद गल्ली, उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, तोंडावर आलेलं... आणि हा माणूस दुसऱ्याच्या घराचं लाकूड मोजतोय!

"काय चाललंय?" मी खालूनच विचारलं.

"पेन्सिल तोंडात आहे, बोलता येत नाही," तो पेन्सिल न काढताच म्हणाला आणि हसला.

हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. मी जास्तच सावध झाले. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. कुणी गोड हसलं की मला आधी त्याची कागदपत्रं बघावीशी वाटतात.

तेवढ्यात बाबा मागून आले. "मोहना, हे धैर्यशील. हल्ली आपल्या फेरीला नेहमी येतात. फार चौकस मुलगा!"

चौकस! मला त्याचीच तर भीती होती.

माझे बाबा, भास्करराव, निवृत्त इतिहास-शिक्षक. उभं आयुष्य त्यांनी बडोद्याच्या पोळी, म्हणजे जुन्या गल्ल्या-वस्त्या, पालथ्या घालण्यात घालवलं. कुठल्या घरात गायकवाडांचा कुठला अधिकारी, कुठला दरकदार राहत होता, कुठला मोर कुणी कोरला, हे त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ. दर रविवारी हौशी मंडळींना घेऊन फिरायचं, एखाद्या घरी चहा प्यायचा, तिथल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करायचं आणि संध्याकाळी ते सगळं फोटोसकट 'आपलं बडोदं' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर द्यायचं. टाकायचं काम माझं, कारण फोनवर बाबांची बोटं अडखळतात. त्यांचा नियम एकच, घराचा पूर्ण पत्ता हवा. "पत्त्याशिवाय इतिहास म्हणजे नुसत्या गप्पा," असं ते म्हणत.

पण दिवाळीपासून काहीतरी विपरीत घडत होतं. बाबा ज्या घरी जाऊन येत, तिथे थोड्याच दिवसांत, भर दुपारी कुणीतरी टेम्पो घेऊन येई. 'दुरुस्तीला नेतो' असं सांगून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गुंडाळी, आणि कोरीवकाम जे जाई ते जाईच. घडियाळी पोळीत तर एका बाईंनी बाबांच्या तोंडावर दार लावलं. "तुम्ही येऊन गेलात की घराला नजर लागते, भास्करराव."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पोळींतली दारं बंद झाली तर त्यांच्याकडे उरणार काय? म्हणून मला चोर सापडायला हवा होता. आणि आता तर मोजपट्टी घेतलेला, खळी पडणारा एक माणूस आयता समोर उभा होता.

बुधवारी मी रजा टाकली आणि त्याच्या मागावर निघाले. मांजा रंगवणाऱ्यांच्या गल्लीतून, ताणलेल्या ओल्या गुलाबी दोऱ्यांच्या मधून अंग चोरत... तो थेट एका जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, दुकानदाराशी हसून हात मिळवला. सापडला! मी सेवउसळीच्या गाडीआड लपले.

"काका, एक प्लेट यांनाही द्या," माझ्या कानाशी आवाज आला. "तिखट चालेल ना?"

"मी... मी इथे सहजच..."

"ओढणीवर ओला गुलाबी पट्टा आहे तुमच्या." त्यानं आपली बाही दाखवली, तिच्यावरही तसाच पट्टा होता. "एकाच गल्लीतून आलोय आपण. मी पुढे, तुम्ही मागे."

चोराच्या उलट्या बोंबा! "त्या दुकानात काय करत होता तुम्ही?" मी आवाज चढवला.

"आत्याच्या दारावरचे दोन लाकडी पोपट शोधत होतो. घडियाळी पोळीतले. तुमच्या बाबांच्या तोंडावर दार लावलं ना, ती माझी आत्या. मी गिऱ्हाईक बनून दुकानं धुंडाळतोय. इतर घरांच्या कोरीवकामाची मापं घेऊन ठेवतो, म्हणजे गेलं तर ओळखता येईल." तो थांबला. "आता तुम्ही सांगा, तुमचा यात वाटा काय?"

"माझा?"

"आत्याच्या दाराचा फोटो, पूर्ण पत्ता, आणि खाली 'आजी दुपारी एकट्याच असतात, जरूर भेटा.' हे तुमच्याच नंबरावरून ग्रुपवर आलं होतं, मोहनाबेन. तेव्हापासून मी तुमच्यावर नजर ठेवून आहे."

"माझ्यावर... नजर?"

"सुरुवातीला संशयानं," तो प्लेटकडे बघत म्हणाला. "आता... जरा सवय झालीय."

माझे कान तापले. उसळ खरंच तिखट होती. पण त्याचं बोलणं डोक्यात शिरलं आणि मी प्लेट खाली ठेवली. चोर ग्रुपवरच वाचत होता, आणि त्याला घर दाखवत होतो ते आम्हीच! नियम बाबांचा, अंगठा माझा. मला रडू आलं. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

बाबांनी सगळं ऐकून चष्मा काढून ठेवला. "म्हणजे मीच हो... मीच दारं उघडून दिली," ते म्हणाले. त्यांचा तो आवाज मला सहन होईना.

युक्ती धैर्यशीलची. रखमाबाईंच्या टोड्याचा फोटो टाकायचा आणि लिहायचं की त्यांनी तो उतरवून निजामपुऱ्यात भावाकडे ठेवलाय, भाऊ दुपारी एकटेच असतात. पुढे पत्ता धैर्यशीलच्या घराचा. बाबा कितीतरी वेळ घुटमळले. "जन्मात पहिल्यांदा खोटा पत्ता देतोय," ते पुटपुटले, आणि पाठवायचं बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं.

माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. पत्ता याच्याच घराचा का? याचं दुकानदारांशी हात मिळवणं, ते हसणं... आणि मी कोण, तर दोन गोड वाक्यांवर विरघळलेली!

उत्तरायणाच्या आदल्या दुपारी बेल वाजली. बाबा भावाच्या भूमिकेत खुर्चीत, आम्ही दोघं दाराशी. बाहेर टेम्पो, आणि लाकूड गुंडाळायच्या गोधड्या काखेत मारलेला एक जाडसर माणूस.

"दादा, पेलुं लाकडानुं काम... दुरुस्ती माटे लई जवानुं हतुं..." एवढ्यात त्याची नजर माझ्या शेजारी गेली आणि चेहरा फुलला. "अरे धैर्यशीलभाई! तमे अहीं?"

ओळखीचा! मी धैर्यशीलकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. "मोहना, ऐका..." तो म्हणाला. मी मान फिरवली.

"सारुं थयुं मळी गया," तो माणूस आनंदात बोलतच होता. "तमे मांगता हता ने, एवा बे पोपट छे मारी पासे, हों! लेवाना छे के नहीं?"

आत्याचे पोपट! धैर्यशीलनं मागितलेले ते दोन पोपट याच्याकडेच होते, आणि हा ते त्यालाच विकू बघत होता. म्हणजे धैर्यशील खरंच गिऱ्हाईक म्हणून फिरत होता... अक्षरन्‌अक्षर खरं सांगत होता. मला हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही.

बाबा उठले. टेम्पोच्या नंबराचा फोटो काढला, त्या माणसाचाही काढला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "आता नाव सांगा. आणि दुकानाचा पत्ता. पूर्ण."

दुसऱ्या दिवशी पोलिसांसमक्ष पोपट आत्याच्या दारात परत आले. आत्यांनी दार सताड उघडलं आणि बाबांना चहा दिला. बाबांनी दोन कप घेतले.

आम्ही दोघं आत्याच्या गच्चीवर होतो. आभाळभर पतंग, चारी बाजूंनी 'काप्यो छे', म्हणजे 'कापला रे', असा गजर.

"संशय गेला?" त्यानं विचारलं.

"काल दारात तुमच्याकडून मान फिरवली ना, तेव्हा चोर निसटेल याची भीती नव्हती वाटली," मी म्हणाले. "तुम्ही चोर निघालात तर... माझं काय होईल, याची वाटली. मला तुम्ही फार आवडता."

त्यानं माझ्या ओढणीवरच्या, धुऊनही न गेलेल्या गुलाबी पट्ट्यावर हलकेच बोट ठेवलं. "मग ते 'तुम्ही' सोड आता. उद्या भेटशील? कुठे?"

मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. गल्ली, वळण, ओट्याचा रंग, वेळ.

"आणि हे बघ," मी म्हणाले, "हा पत्ता ग्रुपवर जायचा नाही."