चर्चा पानावरची कबुली

दाराची घंटी किणकिणली आणि पावसासकट एक माणूस वाचनालयात शिरला.

ऑगस्टमधला गुरुवार; जगाच्या या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा. चिलोए बेटावरच्या चोंची गावाच्या उतारावरच्या त्या लाकडी वाचनालयात दुपारपासून कुणी फिरकलं नव्हतं. यास्ना चिगुआय शेगडीत लाकूड सारत होती.

“बूट इथे शेगडीपाशी काढा,” ती मान वर न करताच म्हणाली, “आणि जाकीट बाहेर झटकून या. आमची पुस्तकं आधीच ओली आहेत.”

“पुस्तकंसुद्धा?” तो हसला. “मला वाटलं, या बेटावर फक्त माणसंच ओली असतात.”

उत्तरेकडचा उच्चार. तिने वर पाहिलं. वनखात्याचं हिरवं जाकीट, पापण्यांवर पाणी, आणि मोज्याला अंगठ्यापाशी पडलेलं भोक. तो भोक लपवायला एक पाय दुसऱ्या पायामागे नेत होता… तिला हसू आलं, ते तिने गिळलं.

तो कोपऱ्यातल्या संगणकावर जाऊन बसला. अर्ध्या तासानं तिला त्याची दया आली. ती चहा घेऊन गेली आणि त्याच्या खांद्यामागे थबकली. समोर ऑनलाइन विश्वकोशातलं चिलोएच्या कोल्ह्याचं पान उघडं होतं. तो एक वाक्य खोडत होता— ‘जंगलात एकट्या माणसाची शेकोटी दिसली की हा कोल्हा जवळ येऊन बसतो.’

“ते का खोडलंत?”

“संदर्भ नाही त्याला,” तो म्हणाला. “कुणीतरी भाबड्या माणसानं लिहिलेलं दिसतंय. गोड आहे, पण—”

“मी लिहिलंय.”

त्याचे कान लाल झाले. “अच्छा… मग तुमचा संदर्भ काय?”

“माझे बाबा. चाळीस वर्षं याच जंगलात लाकूड तोडलं त्यांनी.”

“त्यांना भेटता येईल?”

“नाही. गेल्या वर्षी गेले.”

त्याने कप दोन्ही हातांत धरला. “माफ करा,” तो हळूच म्हणाला. पण वाक्य काही परत टाकलं नाही. तिने ते पाहिलं. तिला राग आला, आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. बाबा गेल्यापासून सगळेजण तिच्या सगळ्याला हो म्हणत होते.

त्याचं नाव आमादेओ कुरिन. मुख्य भूमीवरच्या आंगोलचा. कुकाओच्या जंगलात कॅमेरे लावून कोल्ह्यांची मोजदाद करायला त्याला जूनच्या मध्यात सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. जंगलातल्या चौकीत इंटरनेट नव्हतं, म्हणून दर गुरुवारी तो चोंचीला येऊ लागला.

यास्ना राहायची कुकाओच्या तळ्याकाठी. आई कधीच यास्नाच्या थोरल्या बहिणीकडे दूर पुंता आरेनासला निघून गेली होती. घरात बोलायला उरला होता एकटा कोर्सारियो— बाबांचा तपकिरी, कान फाटलेला कुत्रा. दिवसभर उंडारायचा, पण संध्याकाळी बसथांब्यावर हजर. ती उतरली की असा नाचायचा, जणू ती वर्षभरानं परतलीये. त्या एका नाचासाठी ती दिवस काढायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला?

कोल्ह्याच्या पानाचा नाद तिला या हिवाळ्यात लागला. जगात जेमतेम काही शे उरलेला जीव, दाराबाहेरच्या जंगलात राहणारा, आणि त्याच्यावर विश्वकोशात फक्त चार ओळी! रिकाम्या दुपारी तिने त्यात भर घालायला सुरुवात केली. बाबांचं ते वाक्यही टाकलं. कुठेतरी राहील, एवढ्यासाठी.

आता दर गुरुवारी दोन खुर्च्या एका पडद्यासमोर सरकू लागल्या. ती जुने अहवाल धुंडाळायची, तो आकडे तपासायचा. खाणं, पिल्लं, वावर… पान भरत चाललं.

“ ‘आखूड पायांचा’ नको लिहूया,” ती एकदा म्हणाली. “बिचाऱ्याला वाईट वाटेल.”

“पाय आखूडच आहेत त्याचे. मी मोजलेत.”

“तुम्ही सगळंच मोजता का हो?”

“सगळं नाही…” तो पडद्याकडेच पाहत राहिला. “काही गोष्टींना हात लावायचा धीर होत नाही.”

बाहेर पाऊस पत्र्यावर तडतडत होता. तिने टेबलावरचा बटाट्याचा गरम मिल्काओ मोडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला. बोटं लागली… दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. फारच नीट दाखवलं.

सप्टेंबरच्या शेवटी तो धापा टाकत आला. “बसला! काल माझ्या शेकोटीपाशी येऊन बसला! दहा हातांवर, शेपटी पायांभोवती घेऊन… पाव्हण्यासारखा!”

तिचे डोळे भरून आले. “मग टाकूया ना परत ते वाक्य?”

“नाही.”

“आता तर तुम्हीही पाहिलंत!”

“मी पाहिलं, तुमच्या बाबांनी पाहिलं. छापील कुठे आहे?” तो जरा थांबला. “विश्वकोशाला नाही चालत. पण मला चाललं, यास्ना.”

त्याने तिला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी तिची बस चुकता चुकता राहिली.

आणि मग ऑक्टोबरातला तो गुरुवार. तो आला तोच ओढलेल्या चेहऱ्यानं. बूट काढायचंही विसरला. त्याने दोन फोटो उघडले.

“ही माझी शेजारीण,” तो म्हणाला. चौकीजवळच्या एका कोल्हीला तो शेजारीण म्हणायचा. तीन महिने तिच्या मागावर होता. “पिल्लं होणार होती तिला.”

पहिल्या फोटोत तेपूच्या झाडाच्या मुळांखालचं बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी एक तपकिरी कुत्रा. दुसऱ्यात त्याच कुत्र्याच्या जबड्यात ती काळपट, लहानशी कोल्ही लोंबत होती.

कुत्र्याचा डावा कान फाटलेला होता.

“पानावर ‘धोके’ या भागात टाकू हा फोटो,” आमादेओ म्हणाला. “लोक जंगलतोडीला शिव्या देतात आणि आपला कुत्रा मोकळा सोडतात. याचा मालक भेटू दे, चार शब्द ऐकवणार आहे त्याला.”

यास्नाने नजर पडद्यावरून काढली.

“रविवारी चहाला येऊ का तुमच्याकडे?” त्याने अचानक विचारलं. “आता… एकटं बसवणार नाही चौकीत.”

“नको,” ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. “म्हणजे… रविवारी मला काम आहे.”

त्याने मान डोलावली. काहीतरी मिटलं त्याच्या चेहऱ्यावर.

संध्याकाळी कोर्सारियो थांब्यावर नाचला. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. त्याला ओल्या जंगलाचा वास येत होता. घरी आल्यावर तिने त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं. तो आधी खेळ समजला, मग रडू लागला. ती खिडकीशी बसून ऐकत राहिली. हा गेला तर या घरात आपल्याकडे मान वळवून पाहणारंही कुणी उरणार नाही…

पुढच्या गुरुवारी आमादेओ आला. नेहमीसारखा हसला नाही, “नमस्कार” म्हणाला आणि कोपऱ्यात बसला. सकाळीच यास्नाने पानाच्या चर्चा विभागात एक ओळ लिहून ठेवली होती. तोंडानं सांगायचा तिला धीर नव्हता. टेबलामागे उभी राहून ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. त्याने पान उघडलं. खाली सरकवलं. थांबला.

‘धोके विभागातल्या फोटोतल्या कुत्र्याचा मालक सापडला आहे. त्याचं नाव कोर्सारियो. तो माझा आहे.’

तो वळला नाही. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मग तो उठला, जाकीट घातलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“चार शब्द ऐकवणार होतात,” ती म्हणाली. “ऐकवा.”

 तो दार उघडून पावसात निघून गेला.

रविवारी सकाळी फाटकाशी खडखड झाली. खांद्यावर तारेच्या जाळीचं भेंडोळं घेऊन आमादेओ उभा होता.

“कुठाय तो गुन्हेगार?”

गुन्हेगारानं धावत येऊन त्याचा हात चाटला. आमादेओ उकिडवा बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. “याला काय कळतंय,” तो शेवटी पुटपुटला. “त्याला वाटलं, ससा पकडला.”

दोघांनी दिवसभर कुंपण घातलं. बोलले थोडंच. तिसऱ्या दिवशी कोर्सारियोनं जाळीखालून माती उकरली आणि जंगल गाठलं. परत आला तेव्हा यास्नाच्या मनात ठरलं होतं. तिची उर्सुला आत्या किन्चाओच्या लहान बेटावर राहायची. तिथे हा कोल्हा नाही. नेईपर्यंत तिने कोर्सारियोला खांबाला बांधूनच ठेवलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला दाल्काउएच्या धक्क्यावरून ती कोर्सारियोला घेऊन बोटीत चढली, तेव्हा आमादेओही आला. तिने बोलावलं नव्हतं. पलीकडच्या धक्क्यावर आत्या उभी होतीच.

“माझ्या भावाचा कुत्रा,” आत्या दोर हातात घेत म्हणाली. “माझ्यापेक्षा जास्त खाईल बघ. तू रडू नकोस गं.” मग आमादेओकडे निरखून पाहत म्हणाली, “आणि हा कोण? हापण ठेवून घेऊ का?”

कोर्सारियोला मासळीचा वास लागला. तो दोर ताणत निघाला, एकदाही मागे न बघता. परतीच्या बोटीत यास्ना कठड्याशी उभी राहून ढसाढसा रडली. आमादेओ वारा अडवून तिच्या शेजारी उभा राहिला.

“एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “पंधरा तारखेला माझी मुदत संपतेय. आंगोलला परत जायचंय. मुदत वाढणार नाही असं पत्र येऊन तीन आठवडे झाले.”

तिने झटक्यात मान वळवली. “तीन आठवडे? आणि मला आज सांगताय? आज?”

“तुम्हीही एक आठवडा लपवलंत.”

“मी भ्याले होते!”

“मीपण.”

समुद्र राखाडी होता. आई गेली तेव्हा यास्ना काही बोलली नव्हती. बाबांचा हात सुटला तेव्हाही नाही. मघाशी धक्क्यावरही नाही. आता मात्र तिने त्याची बाही घट्ट पकडली.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. ‘तू’ कधी आला, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याने तिचा गार हात आपल्या खिशात घेतला. “जावं लागेल. आई एकटी आहे. पण यास्ना… या चार महिन्यांत मी जंगलात कॅमेरे लावले आणि वाट गुरुवारची पाहिली.”

तो गेला. बसथांब्यावर आता कुणी नाचत नव्हतं, आणि गुरुवारी कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच असायची. पण दुपारी पानाच्या इतिहासात त्याचं नाव दिसायचं— कुठे एक स्वल्पविराम, कुठे एक वर्ष दुरुस्त केलेलं. स्वल्पविराम तर तो मुद्दाम चुकीचाच टाकायचा. ती काढायची, तो पुन्हा टाकायचा. पान आता मोठं, देखणं झालं होतं. दूरदूरचे लोक वाचत होते. तरी घरी परतून एकटीनं चहा ओतताना तिचा हात दुसऱ्या कपाकडे जायचा.

जानेवारीअखेर, इथल्या भर उन्हाळ्यात, तिने चार वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली. बोटीवरून सामुद्रधुनी ओलांडून बस रात्रभर उत्तरेकडे धावत राहिली. आंगोलला ती उतरली तेव्हा भर दुपार होती, आणि तिच्या अंगात जाडजूड लोकरीचा स्वेटर.

तो थांब्यावर उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, अगदीच अनोळखी दिसत. जवळ येऊन नुसताच बघत राहिला.

“बाई गं,” ती कपाळावर हात धरत म्हणाली, “एवढं ऊन असतं इथे?”

“सवय होईल.”

“किती दिवसांत?”

“तू किती दिवस आहेस?”

“आठ.”

त्याने तिची पिशवी घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं हिशेब केल्यासारखं केलं.

“आठ दिवसांत नाही व्हायची,” तो म्हणाला. “पुन्हा यावं लागेल.”