नऊ पोस्टरं, एक हात

बर्विक स्ट्रीटवर कापडाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. खिडकी उघडी ठेवली की खालच्या फलाफल तळणाऱ्या गाडीचा वास येतो, बंद केली की आमचा स्वतःचा. मी तिथं एकतीस वर्षं चित्रं दुरुस्त करतोय. नटीच्या मानेवरच्या सुरकुत्या, मोटारीच्या काचेत दिसणारा फोटोग्राफर, मागच्या भिंतीवरचा विजेचा डबा. जे नको ते काढायचं आणि ते कधी नव्हतंच असं भासवायचं. आमचं काम कुणाच्या लक्षात आलं तर ते फसलं.

मार्चमध्ये आमच्या मालकिणीनं, फिलिपानं, माझ्यापुढे नऊ पोस्टरं टाकली. साठ-सत्तर सालचे हेरपट, सगळ्यांत नायक एकच. घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीनं ते घेतले होते आणि तिला पोस्टरवर पिस्तूल नको होतं.

"आणि आत सिनेमात तो धडाधड माणसं मारतो, ते चालतं?" मी विचारलं.

"सिनेमा कोण बघतंय, डेनिस? पोस्टर सगळे बघतात. शुक्रवारी हवंय. उगाच तत्त्वज्ञान नको."

पिस्तूल काढणं दहा मिनिटांचं काम. खरी अडचण मागे उरणाऱ्या हाताची. पिस्तूल गेलं की व्हिएन्नाच्या गच्चीवरचा तो देखणा हेर बस थांबवतोय असं वाटायला लागतं. म्हणून बोटं नव्यानं बसवावी लागतात आणि त्यासाठी खरा हात लागतो. आमच्यात पद्धत अशी की शेजारच्याकडे हात मागायचा. तो तसा धरतो, आपण फोटो काढतो, त्यातली बोटं उचलून चित्रात बसवतो. स्वतःचा हात कुणी वापरत नाही. मला शिकवणारा सिरिल रंगाच्या फवाऱ्यानं काम करायचा, तोही वापरायचा नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आपल्याच हाताचा फोटो काढणं अवघड जातं, एवढंच कारण असावं असं मी धरून चाललो होतो.

पण हल्ली सोमवारी ऑफिसात चिटपाखरू नसतं, सगळे घरून काम करतात. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि नऊच्या नऊ वेळा माझ्याच उजव्या हाताचा फोटो काढला.

शुक्रवारी फिलिपा पडद्याला नाक लावून बघत राहिली. "कसला जिवंत हात आहे! कुणाचा रे?"

"आहे असाच एक," मी म्हणालो.

रविवारी मी पाव करायला घेतला. कणीक मळताना उजवी मूठ पूर्ण मिटेना. दुखत नव्हतं. बोटं थोडी वळायची आणि मध्ये काही असल्यासारखी थांबायची. तर्जनी इतर तिघींपासून जरा वेगळी, चापावर ठेवल्यासारखी किंचित वाकलेली. मी तळहातावर वीस पेन्सचं नाणं ठेवलं. ते तिथं टेकलंच नाही, कडेनं घसरून ओट्यावर पडलं. मग पिठाच्या काट्यावर दोन्ही हात पाळीपाळीनं सैल सोडून बघितले. उजवा डाव्यापेक्षा साडेसहाशे ग्रॅमनं जास्त. मी तीनदा बघितलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, वय झालं की स्नायू आखडतात. निघताना त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला आणि माझ्या हाताला लागायच्या आधीच चमकून मागे घेतला. "फार गार आहे हो," त्या म्हणाल्या आणि बोटं कागदानं पुसली. कागदावर तेलाचा बारीक डाग पडला होता. तो आम्ही दोघांनीही पाहिला.

आता आयरिसबद्दल सांगायला हवं. माझी मुलगी हेदर माझ्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. चूक माझी होती, ती इथं उगाळत नाही. मग तिला मुलगी झाली, तीच आयरिस, आणि एक दिवस ती बाबागाडी घेऊन वॉल्थमस्टोमधल्या माझ्या घराच्या दारात उभी राहिली. एप्रिलमध्ये हेदर कामावर परत जाणार होती. मंगळवारी आणि गुरुवारी बाळाला मी सांभाळायचं ठरलं होतं. त्यासाठी मी तेव्हापासूनचे ऑफिसचे दोन दिवस कमी करून घेतले होते. मला ते मूल हवं होतं आणि हेदरला पुन्हा माझा भरवसा वाटायला हवा होता. मी साठीचा आहे, याहून जास्त काही मागत नव्हतो.

पुढच्या सोमवारी मी नववं पोस्टर उघडलं आणि माझ्या बोटांत पिस्तूल पुन्हा बसवलं. कुणाला न सांगता, फक्त माझ्या पडद्यावर. दुपारी चहाचा मग उजव्या हातात धड धरता आला. घरी जाऊन काट्यावर बघितलं, तर सत्तर-एक ग्रॅम कमी भरले. अजून आठ बाकी होती. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी फिलिपा हसतच आली. "लोकांनी कंपनीला धुतलंय रे! नायकाचे हात नुसते हवेत, म्हणून सगळे खिल्ली उडवतायत. पोस्टरं मागे घेतली."

"मग पिस्तुलं परत लावायची?" माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"छे! चित्रंच कापली. आता फक्त चेहरे. खांद्याखाली काही ठेवलेलं नाही."

"आणि आपल्या फायली?"

"पुसल्या. करारच तसा आहे. कॅमेऱ्यातलंही सगळं. तुझा चेहरा का उतरला?"

जुनी पोस्टरं कुठेही सापडतात, पिस्तुलांसकट. मी ती बघितली. पण त्यांतले हात त्या नटाचे आहेत. माझा हात आता कुठल्याच चित्रात नाही. तो फक्त माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी काटा पुन्हा साडेसहाशेवर गेला.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला हेदर आली. स्वच्छ ऊन होतं. तिनं आयरिसला गालिच्यावर बसवलं, दुधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

"बाबा, खिशातून हात काढा की. तिला तुमची बोटं धरायची असतात."

"हात गार आहेत गं."

"तिला काही होत नाही. असं परक्यासारखं काय करताय?"

परक्यासारखं म्हणाली म्हणून मी हात काढला आणि बाळासमोर बसलो.

आयरिस हसली. माझी बोटं धरायला तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. तो माझ्या बोटांपर्यंत आलाच नाही. वीतभर अलीकडे, हवेत, तिची मूठ मिटली. पूर्ण मिटली नाही.

"काय पकडलंस गं सोनू?" हेदर कोट घालत म्हणाली. "निघते मी. पाचला येते."

मी हात मागे ओढला. बाळ सोडेना. माझ्या मनगटाला तिचं ओढणं जाणवलं.

दार लागलं.

सात महिन्यांची मुलं हाती लागेल ते तोंडात घालतात. तिनं ते स्वतःकडे ओढलं. तिचे ओठ गोल उघडले आणि तसेच राहिले, मिटेनात.

मी तर्जनी सरळ ठेवायला बघत होतो.