चौतिसाव्या भागातली चूक

पावसानं अडवलं म्हणून मी शाळेच्या पडवीत शिरले, एवढंच. डोक्यावर धानाच्या रोपांची पेंडी, लुगड्याचा काठ चिखलानं जड... आणि समोर खिळ्याला सुतळीनं टांगलेली एक वही. 'उलटा डोंगा, भाग तिसरा.' म्हादू नावाडी वैनगंगेत डोंगा उलटा वल्हवतो अन् गेलेल्या दिवसांत पोचतो, अशी गोष्ट. चौथी शिकलेली मी, वाचतच सुटले.

"भादव्यात मोहफुलं?" मी मोठ्यानं बोलून गेले. "लिहिणाऱ्यानं मोहाचं झाड तरी पाहिलं काय?"

"नाही पाहिलं," मागून आवाज आला. "दाखवाल?"

अमरावतीकडचे नवे गुरुजी होते, गुणवंतराव. मी अशी लाजले की पेंडी तिथंच टाकून घरी गेले.

मग दर शनिवारी नवा भाग येई. मी वही धानाच्या बांधीत नेई, बाया चिखलात रोपं लावत रोवणा करत अन् मी शेताच्या धुऱ्यावर बसून वाचून दाखवी. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्या काहीच विसरत नसत. सातव्या भागात नदीत बुडालेला कंदील बाराव्यात कसा पेटला, हे त्यांच्यातल्या रुखमाबाईनंच धरलं. असले प्रश्न घेऊन मी रविवारी शाळेत जाई. गुरुजी कान खाजवत, हसत, अन् माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत. मलाही ते आवडे, खोटं कशाला बोलू.

एकदा म्हादूनं गेलेल्या दिवसात जाऊन स्वतःच्या बापाचं लग्नच मोडलं. मी विचारलं, मग म्हादू जन्मला कसा, अन् डोंगा वल्हवला कोणी? गुरुजी मागची पानं उलटत राहिले. शेवटी मी त्यांना पहिल्या पानावर नियम लिहायला लावला : 'ज्याच्यामुळं डोंगा सुटला, ते पुसता येत नाही.'

रोवणा सरला, धान कापून झालं. फाल्गुनात आम्ही लाखोरीचं पीक कापत होतो, तेव्हा चौतिसावा भाग आला. गुरुजींची सिरोंच्याला बदली झाली होती, म्हणून शेवटचाच. त्यात म्हादू मागं जातो अन् ज्या दिवशी घाटावर त्याला त्याची आवडती मुलगी पहिल्यांदा भेटली होती, त्या दिवशी घाटावर जातच नाही. आपण पुढं तिला सोडून गेल्यावर तिनं रडू नये म्हणून. भेटच झाली नाही. समाप्त.

मी वही मिटली. बायांचे विळे थांबले. रुखमाबाई माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "हे चुकलं, मनकर्णा. जाय, इचार गुरुजीले."

मी धावत शाळेत गेले. दारात बंडी जुंपलेली, गुरुजी ट्रंकेला दोर बांधत होते. मी वही त्यांच्यापुढं धरली.

"भेटच झाली नाई, तर म्हादू मागं गेला कोणासाठी?"

त्यांनी दोराची गाठ आणखी आवळली. मी पहिलं पान उघडलं. त्यांचंच अक्षर.

"नियम मोडला तुमी, गुरुजी. दुरुस्त करा."

त्यांनी 'समाप्त' खोडलं. लिहिलं, 'म्हादू घाटावर आला. ती होती. तो म्हणाला –' अन् टाक थांबला.

"पुढं?"

"पुढचं लिहिता येत नाही, मनकर्णा..." आजवर ते मला मनकर्णाबाई म्हणत. "मला तू हवी आहेस. येशील सिरोंच्याला?"

मन केव्हाच बंडीत चढलं होतं, पण जीभ माझीच ना. "असं बंडी जुंपून इचारतात काय? पंधरा दिवसांनी या. मोहफुलं पडतीन तवा. माह्या बापाले इचारा."

बंडी गेली. ते पंधरा दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. रोज सकाळी मोहाखाली टोपली घेऊन उभी राही अन् वाटेकडे बघे.

सोळाव्या सकाळी धुक्यातून ते आले, टोपी हातात, धुळीनं भरलेले. झाडाखाली उभे राहून वर बघत राहिले. टप्... एक फूल त्यांच्या खांद्यावर पडलं.

"हेच का ते?"

"हेच," मी म्हटलं. "आता लिहा. अन् पह्यले घरी चला, बाप चहा ठेवून वाट पाहून राह्यला."