खडूची फुली

“माझे बाबा आज संध्याकाळी एका निरपराध माणसाला कामावरून काढणार आहेत,” ती तरुणी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. “आणि तो माणूस तोंडातून ब्रसुद्धा काढत नाहीये.”

वहिनींनी चष्मा चढवला. खासगी तपास हे त्यांचं काम. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, वही उघडून बसले. वही भाऊजींची आणि डोकं वहिनींचं, अशी घरात सरळ वाटणी होती.

हकिगत साधी होती. तिचे वडील रेड वाइन बनवत. शनिवारी मोठे खरेदीदार दुपारी जेवायला आले. बारा वर्षं मुरलेल्या तीन बाटल्या वडिलांनी स्वतः चाखून पास केल्या. तळघर सांभाळणाऱ्या बुचमामांनी त्या टेबलावर नेल्या. पाहुण्यांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. दोन बाटल्यांना भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

“बाबा म्हणतात, मी चाखली तेव्हा उत्तम होती, म्हणजे वाटेत बदलली. आणि वाटेत हात फक्त मामांचे.”

“मामा काय म्हणतात?”

“‘साहेब म्हणतील तसं.’ बस्स. सव्वीस वर्षं आहेत हो ते आमच्याकडे!”

दुपारी दोघं तिच्या घरी पोहोचले. आधी स्वयंपाकीण भेटली. ती रागाने भरलेलीच होती.

“ही वाइन म्हणजे आडदांड पाहुणा, बाई. तिच्यापुढे चरबीचं मटण नाहीतर मुरलेलं चीजच टिकतं. तुरटपणा चरबीत विरून जातो. मासा दिलात तर तोंडात गंज चढल्यासारखं होतं. हे मला साहेबांनीच शिकवलं. आणि शनिवारी तेच म्हणाले, मासा कर! मीठ-मिरचीही वाढव म्हणाले. आता मोठ्या माणसांना बोलायचं कोणी?”

“असं कधीपासून?”

“गेल्या वर्षी त्या तापातून उठले ना, तेव्हापासून.”

तळघरात बुचमामा बाटल्या पुसत होते. बोटं कायमची जांभळी झालेली. कोपऱ्यात एकोणीस बाटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर खडूची फुली आणि तारीख होती, आणि बुचं काढून पुन्हा बसवलेली. वहिनींनी एक उघडून हुंगली आणि लगेच बंद केली.

“या कशाला ठेवल्यात?”

“ओतून टाकायच्यात.”

“तारखा तर वर्षभराच्या आहेत. शनिवारी बाटल्या कोणी उघडल्या?”

“साहेबांनी. मी बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, जेवणाच्या वेळेला आलो आणि घाईत तशाच उचलून नेल्या. एरवी मी उघडतो, साहेब चाखतात.”

जिन्यात भाऊजी कुजबुजले, “वहिनी, सापडला! खराब मालाचा साठाच आहे त्याच्याकडे. त्यातल्याच दोन सरकवल्या!”

“चोर कधी फुली मारून, तारीख घालून माल ठेवतो का, भाऊजी? तुम्ही आपलं लिहा.”

साहेबांच्या खोलीत शिरताच भाऊजींनी रुमाल काढला. टेबलावरच्या फुलदाणीतलं पाणी हिरवं पडलं होतं. साहेब त्या फुलदाणीला खेटून निवांत बसले होते. शेजारी मामांना काढल्याचं पत्र तयार होतं.

वहिनींनी त्यांची चाखण्याची वही चाळली. जुन्या पानांवर काळी मिरी, जांभूळ, तंबाखूचं पान, ओलं लाकूड. या वर्षीच्या पानांवर नुसतं ‘आंबट, तुरट, तोंड कोरडं’.

“शनिवारची कशी होती, साहेब?”

“तोंड असं कोरडं पडलं की काय सांगू! अस्सल होती. या माणसाला मी घरातला मानला आणि यानेच माझा घात केला.”

वहिनींनी मुलीला आणि मामांना तिथेच बोलावून घेतलं.

“साहेब, तुमच्या शेजारची फुलं सडलीत. भाऊजींना दारातच कळलं.”

साहेबांनी फुलदाणीकडे पाहिलं.

“आंबट जिभेला कळतं, तिखट झोंबतं, तुरटपणाने तोंड आवळतं. ते सगळं तुमचं शाबूत आहे. जांभूळ आणि मिरी ओळखायला मात्र वास लागतो, म्हणून ती वहीतून गेली. माशाबरोबरचा गंजही तुम्हाला जाणवला नाही. तापानंतर तुमच्या नाकाला वास येईनासा झाला. त्या दोन बाटल्या कोणी बदलल्याच नाहीत. बुचं खराब होती आणि तुम्ही त्या खऱ्या मनाने पास केल्यात.”

“मला वाटलं, जिभेवर निभतंय,” साहेब पुटपुटले. “वर्षभरात एक तक्रार आली नाही.”

“येईल कशी? तुमच्यापुढे यायच्या आधी प्रत्येक बाटली मामा हुंगत होते. खराब निघाली की फुली. फक्त शनिवारी तुम्ही बाटल्या उघडल्यात तेव्हा ते इथे नव्हते.”

भाऊजींचं लिहिणं थांबलं.

“तुला माहीत होतं?” साहेबांनी विचारलं.

“ताप उतरला त्याच आठवड्यात कळलं, साहेब.”

“आणि मी तुला चोर म्हणालो, तरी गप्प बसलास?”

“काय बोलणार? तुमचं बिंग फोडू? लोक दुसऱ्या दिवशी तुमची वाइन घ्यायचे बंद झाले असते. माझं काय, बुचं मी कुठेही काढली असती.”

साहेबांनी पत्र फाडलं. “चुकलो रे मी,” ते म्हणाले. “खरेदीदारांना मीच सांगतो. आता चाखणं बंद.”

मुलगी रडायला लागली. “बाबा, निदान मला तरी सांगायचंत!”

“काय सांगू? तू तुझं बाळ माझ्या मांडीवर दिलंस. सगळे म्हणाले, टाळूचा वास घेऊन बघा. मी नुसता घेतल्यासारखं केलं.” ते तिच्याकडे बघत राहिले. “कसा असतो गं?”

मामा पुढे आले आणि साहेबांच्या खुर्चीशी बसले.

“मी सांगतो, साहेब. कोमट दूध. जरासा तेलाचा वास. उन्हात वाळलेलं मऊ फडकं. आणि...”